कट्टी आणि अब्बा

मार्च लागला की मला घरात बसवत नाही. होळीच्या आसपास हे वारं सुरू होतं, पश्चिमेकडून कोरडी माती घेऊन येतं, आणि खालच्या पिंपळाची पानं गॅलरीत, जिन्यात, पार फ्रिजच्या खाली जाऊन बसतात. नगरची मी, इकडे दिल्लीकडे नवी आले तेव्हा मला कळलंच नव्हतं, की इथली झाडं ऐन वसंतात झडतात. एका फांदीवरून पिवळं पान सुटतंय आणि त्याच फांदीला तांबूस कोंब फुटतोय. गळायचं की फुटायचं, ते एकदा ठरवून टाका ना बाबांनो! मी झाडू घेते, गॅलरी झाडते, आत येऊन पाणी पिते, आणि बघते तर पुन्हा तेवढीच पानं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, अगं, संध्याकाळी एकदाच झाड की. त्यांना काय जातं सांगायला. मार्चमध्ये माझे हात चालू असलेलेच बरे, नाहीतर डोकं चालू होतं.

काल सकाळी गॅलरीत मटार सोलत होते. हंगामातले शेवटचे, दाणे जरा पिठूळ झालेले. खाली सोसायटीतल्या दोन मुली सायकलवरून भांडत होत्या. कोणाची फेरी जास्त झाली, कोणाची कमी, तेच ते. "जा, कट्टी!" एक म्हणाली, आणि दुसरी पाय आपटत जिन्याकडे गेली. माझ्या थोड्या शेंगा सोलून होतात न होतात तोच ती परत आली. "अच्छा चल, अब्बा." झालं. दोघी एकाच सायकलवर, एक सीटवर आणि एक मागं उभी. माझा हात शेंगेवरच थांबला. मला वाटलं होतं, हा शब्द आता गेला असेल. हल्लीची पोरं भांडतातसुद्धा इंग्रजीत.

आपल्याकडे कट्टी-बट्टी असते. दिल्लीकडे कट्टी आहे, पण बट्टी नाही. इथं भांडण मिटवायचं तर पहिली दोन बोटं जोडून पुढं करायची आणि म्हणायचं, अब्बा. समोरच्यानं आपली दोन बोटं त्याला टेकवली की जुनं सगळं माफ. नुसती आपली बोटं पुढं करून भागत नाही, समोरची यावी लागतात. हा शब्द कुठून आला ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. पण आम्हां ख्रिस्ती माणसांना तो भलत्याच ठिकाणी भेटलेला असतो. येशू देवाला हाक मारायचा ती अशी. अब्बा, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत बाबा. आमच्या नगरच्या देवळात लहानपणापासून ऐकलेला, जरा गंभीर तोंड करून म्हणायचा शब्द. तोच गाझियाबादेत नाकं गळणाऱ्या पोरांच्या तोंडी ऐकला तेव्हा मी पोट धरून हसले होते. हसण्याचे दिवस होते ते.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पुण्याची नोकरी सोडून हे एका परदेशी कंपनीच्या टीव्हीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही या वसाहतीत राहायला आलो. नवी वसाहत म्हणजे किती नवी! चार मजली इमारतींची रांग संपली की गव्हाचं शेत सुरू. रस्ता आखलेला, पण झालेला नाही. खांब उभे, पण त्यांवर दिवे नाहीत. गेटवरच्या पाटीवर मात्र कारंजं आणि बदकं. ते कारंजं आजतागायत आलेलं नाही. पाणी यायचं तेव्हा बत्ती जायची आणि बत्ती यायची तेव्हा पाणी. पण सगळ्यांना कुठंतरी पोचायची घाई. कोणी मारुती बुक केलेली, कोणी केबल घेतलेली, कोणाचा भाऊ अमेरिकेला निघालेला. आमचे हेही त्यातलेच. सकाळी स्कूटरला किक मारून गेलेला माणूस अंधार पडल्यावर परत यायचा, तोंडात टार्गेट, शिफ्ट, डेडलाइन. मी म्हणायचे, अहो, घरात तरी मराठीत थका.

माझी बोलायची सोय वेगळी होती. ती मी नगरहून बरोबरच आणली होती. माझी आई भाकरी थापता थापता येशूशी बोलायची. प्रार्थना नव्हे हं. प्रार्थना वेगळी, ती डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, शुद्ध मराठीत. हे नुसतं बोलणं. बघ रे बाबा, पीठ पुन्हा जाडं दळून दिलंय. आता तूच सांग, या माणसाला काय म्हणावं. शाळेतून आल्यावर मला वाटायचं, घरात कोणी पाहुणं आलंय. एकदा मी विचारलं, की तो उत्तर देतो का गं? तर म्हणाली, "ऐकतो. मधेच उठून जात नाही. एवढं करणारं माणूस तरी कुठं मिळतं?" मोठी झाल्यावर माझंही तेच सुरू झालं. एसटीत, कॉलेजात, लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरताना. आणि इकडे आल्यावर तर फारच. परक्या मुलखात दिवसभर मराठी बोलायला दुसरं होतं कोण? भाजीवाल्याशी हिंदी, मुलीच्या शाळेत इंग्रजी, शेजारच्या खुरानाबाईंशी पंजाबी वळणाची हिंदी. मराठी फक्त त्याच्याशी, आणि तीही अरे-तुरेची. काही लोकांना हे उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे. आपल्या माणसांना चाकर म्हणायचं सोडून मित्र म्हणायला त्यानंच सुरुवात केली होती, मी नव्हे.

इकडे येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर एका जानेवारीत माझं पोटातलं दुसरं बाळ गेलं. पाचवा महिना होता. धुकं इतकं, की दवाखान्यापर्यंत ऑटो जवळजवळ पायी चालत गेली. कोणाची चूक नाही, असं होतं कधी कधी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बरं. कोणाचीच चूक नाही म्हटल्यावर माणसानं भांडायचं कोणाशी? घरी आले, पडून राहिले. खुरानाबाई दलिया आणून द्यायच्या, उशाशी बसून माझे केस सारखे करायच्या आणि म्हणायच्या, रब दी मर्जी. मी भिंतीकडे बघायचे. मग एके दिवशी उठले, तवा ठेवला, पोळी टाकली, उलटली, भाजली, आणि माझ्या लक्षात आलं की तोंडातून एक शब्द निघालेला नाही. ठरवून काही नव्हतं केलं. नळ बंद केला की पाणी थांबतं, तसं आपोआप थांबलं होतं.

राग आला होता मला. भयंकर राग. नुसता देव असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. देव मोठा, त्याची कारणं मोठी, आपल्याला काय कळतंय, म्हणून डोळे पुसले असते. पण हा मित्र होता ना! माझ्या पोळ्या कशा झाल्या ते याला माहीत, माझी पाठ कुठं दुखते ते माहीत, बाळाच्या टोपड्याला कोणता रंग घ्यावा हे मी याला विचारून ठरवलेलं. आणि ऐन वेळी हा गप्प. माझ्या आईचं म्हणणं आठवायचं, की तो मधेच उठून जात नाही. मला तर वाटत होतं की तो उठून गेला, दारही न लोटता. आणि तो परत आला तर उघडायचं की नाही, हे माझं ठरत नव्हतं.

रूथ, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. दुसरीत होती. बाळ येणार कळल्यापासून तिची एकच प्रार्थना चालू होती. देवा, मला भाऊ दे, नाहीतर बहीण दे, पण सोनियाच्या भावासारखा चावणारा नको. सोनिया म्हणजे खुरानाबाईंची मुलगी, रूथची जिगरी दोस्त. बाळ गेल्यावर मोठी माणसं सांगतात तसं आम्ही रूथला सांगितलं, की बाळ येशूकडे गेलं. तिनं जरा विचार केला आणि एवढंच म्हणाली, "पण मागितलं तर आपण होतं ना?"

फेब्रुवारी संपता संपता लेंट लागला, म्हणजे गुड फ्रायडेपर्यंतचा आमचा उपासकाळ. त्याच वेळी वारं सुरू झालं आणि वार्षिक परीक्षाही. एका संध्याकाळी पाढे म्हणून झाले, दप्तर भरून झालं, मी रूथला म्हटलं, चल, प्रार्थना कर.

"मी नाही करणार," ती म्हणाली. "मी देवाशी कट्टी आहे."

होमवर्क झालंय म्हणून सांगावं इतक्या सरळ सांगितलं. आईनं अशा वेळी काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हटलं, की असं म्हणू नये, देवाशी कोणी कट्टी करतं का? चल, बट्टी कर बघू.

"बत्ती? बत्ती तो आ रही है, आई." तिनं वर बल्बकडे बघितलं.

इतक्या दिवसांनी मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. दिल्लीत वाढलेल्या पोरीला बट्टी कुठून ठाऊक असणार! मी तिला समजावून सांगितलं, की भांडण झाल्यावर दोस्ती परत करतात, ती बट्टी. अच्छा, अब्बा, ती म्हणाली. मग तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि नियम सांगितला.

"पण अब्बा पहिलं त्यानं बोलायचं. ज्याची गलती, तो पहले."

मी बल्ब मालवला. माझं तरी दुसरं काय म्हणणं होतं!

तो सगळा महिना मी नुसती फिरत होते. घरातल्या घरात किती फिरणार? कपाटं आवरली, मग पडदे धुतले, मग वाळत घातलेल्या पडद्यांवर धूळ बसली म्हणून पुन्हा धुतले. रूथला शाळेच्या बसमध्ये बसवलं की घरी न येता अर्धवट रस्त्यानं तशीच पुढं चालत जायचे, शेतापर्यंत. गहू हिरव्याचा पिवळा व्हायला लागला होता. एक बाई रोज तिथं बांधावर गवत कापत असायची. एक दिवस तिनं विचारलं, बहनजी, कुछ खो गया क्या? मी नाही म्हटलं आणि वळले. आता त्या शेताच्या जागी मॉल आहे. वरच्या मजल्यावर डोसे मिळतात. मी तिथं कधी गेले, की हातातला चमचा ठेवून खाली बघते. काय शोधते, कोण जाणे.

जेवायच्या आधी हे प्रार्थना करायचे, आणि त्या दिवसांत फार मोठ्यानं करायला लागले होते. खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा आमेन म्हणतील इतक्या. मी वरणाच्या वाटीकडे बघत बसायचे. एकदा प्रार्थना संपल्यावर हे म्हणाले, हल्ली तू डोळे मिटत नाहीस. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तुमचे तर मिटलेले असतात ना! रूथ फिसकन हसली. हे हसले नाहीत. चपातीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

मग आमच्या घरी सभा आली. दिल्लीभर विखुरलेली आमची थोडीशी मराठी ख्रिस्ती घरं. कोणी करोल बागेत, कोणी सरकारी क्वार्टरमध्ये, एक कुटुंब कॅन्टोन्मेंटात. लेंटमध्ये दर शनिवारी एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमायचं. येऊ नका, असं कसं सांगणार? मी पोहे केले, चादरी अंथरल्या, खिडक्या घट्ट लावल्या, तरी धूळ यायची ती आलीच. माणसं दोन दोन बस बदलून आली. सलाम, सलाम झालं. एकदोघींनी माझा हात धरून ठेवला, आणि तो सोडवून घेण्यासाठी मला चहा टाकायला उठावं लागलं. सभा चालवायला गायकवाडकाका होते. एका मंत्रालयात हेडक्लार्क, आमच्यात सगळ्यात वडीलधारे, आवाज असा संथ की दुपारच्या वेळी झोप यावी.

साखळी-प्रार्थना सुरू झाली. म्हणजे गोल बसायचं आणि एकामागून एक प्रत्येकानं प्रार्थना करायची. ज्याला करायची नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, की पाळी पुढं जाते. यांनी कारखान्यासाठी प्रार्थना केली, देशासाठी केली, आणि मधेच घाईनं आमेन म्हणाले. पुढची मी. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. बाहेर पिंपळ नुसता सळसळत होता. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेजारचा हात दाबला. तो हात रूथचा होता.

"मी देवाशी कट्टी आहे," रूथ स्पष्ट आवाजात म्हणाली. आणि मग, मला वाचवायला म्हणून की मला पकडून द्यायला म्हणून, "आई पण आहे. ती सांगत नाही."

एकेक डोळे उघडले. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मी चादरीवरची फुलं बघत राहिले. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मग रूथकडे. गायकवाडकाकांनी मांडीवरचं बायबल उघडलं. मग म्हणाले, बरं, आपण पाठ वाचू या. आणि त्यांनी ठरवून आणलेला पाठ वाचायला घेतला. बागेतला, क्रुसावर द्यायला पकडून न्यायच्या आधीचा. येशू एकटा बाजूला जाऊन गुडघे टेकतो, तो. संथ आवाजात ते वाचत गेले, आणि अब्बा हा शब्द आला तशी रूथ ताठ बसली. तिची दोन बोटं आपोआप जुळली.

"त्याची पण कट्टी होती?"

काकांनी चष्मा काढला. त्यांना काही कळेना. कोणालाच कळेना, कारण बाकीच्यांची मुलं मोठी होती नाहीतर नव्हती. शेवटी मलाच बोलावं लागलं. मी सांगितलं, की इथली मुलं भांडण मिटवताना अब्बा म्हणतात. माझा आवाज मलाच परका वाटला. काका हसायला गेले, पण अर्ध्यावर थांबले. रूथनं त्यांना सोडलं नाही. येशूनं काय मागितलं, तिला हवं होतं. काकांनी सांगितलं, की हे मरण नको, टळलं तर बघ, असं मागितलं. मग देवानं टाळलं का? नाही टाळलं, काका म्हणाले.

"मग त्यानं अब्बा आधी म्हटलं की नंतर?"

काकांनी ओळीवर बोट ठेवून बघितलं. इतकी वर्षं वाचलेली ओळ, तरी बघितलं. "आधी, बाळ."

"गलती त्याची होती?"

"नाही गं. त्याची कसली चूक!"

"फिर पहले क्यों बोला?"

गायकवाडकाका सरळ माणूस. येत नाही ते येत नाही. त्यांनी पान मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा घेऊ या का?"

सगळे गेल्यावर हे मोरीत कप विसळायला बसले. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. ते उठले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, सांगायचं तरी होतंस. मी म्हटलं, तुम्हाला? "मला नको सांगूस. त्याला सांग. भांड त्याच्याशी, काय वाटेल ते बोल." मग कप तसाच हातात धरून म्हणाले, "स्वयंपाकघरातून तुझा आवाज येत नाही. मला घर घरासारखं वाटत नाही." तेव्हा मला कळलं की हा माणूस जेवायच्या आधी इतक्या मोठ्यानं का बोलतो. शांतता भरून काढत होता बिचारा. त्याचंही बाळ गेलं होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

पण आधी का म्हटलं, हा काटा काही निघेना. काकांना आला नाही तसा मलाही नाही आला त्याचा जबाब, आणि खरं सांगायचं तर आजही नीटसा येत नाही. ज्याची चूक नाही, ज्याचं ऐकलं जाणार नाही, त्यानं आधी दोन बोटं पुढं करायची, ही कुठली पद्धत? मला ते अन्यायाचंच वाटत होतं. झाडताना वाटायचं, कणीक मळताना वाटायचं. एक मात्र झालं. हा वाद मी मनातल्या मनात कोणाशी तरी घालत होते, आणि तो कोणाशी, ते मला कळत होतं.

रूथ आता गुडगावला असते, दिल्लीच्या त्या टोकाला. काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस. देवळात येते ती नाताळला, माझ्यासाठी. तेही मी केक करते म्हणून, असं हे म्हणतात. रविवारी फोन करते तेव्हा बाकी चौकशा झाल्या की शेवटी विचारते, "मग? या हफ्त्यात कट्टी की अब्बा?" मी खरं काय ते सांगते. गेल्या वर्षी यांचं ऑपरेशन होतं तेव्हा चांगली दोन महिने कट्टी होती. आमचं ते असंच चालतं. लोक सभेत उठून देवाची साक्ष देताना सांगतात की देवाच्या मैत्रीत मन कसं शांत शांत असतं. असेल बाई. माझ्या वाट्याला तसली मैत्री आली नाही. माझी धुसफुशीची, दार आपटण्याची, पुन्हा येऊन ओट्याशी उभं राहण्याची. तुझं काय, असं मी रूथला विचारत नाही. एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "माझं अजून विचाराधीन आहे." ऑफिसचं बोलणं! आणि तरी प्रत्येक रविवारी विचारते तीच.

बाळ गेलं त्या वर्षीचा गुड फ्रायडे एप्रिलात आला. शहरातल्या जुन्या देवळात बारा ते तीन, तीन तासांची उपासना. उकाडा सुरू झालेला. पंखे होते, पण बत्ती नव्हती. हे पुढं पुरुषांच्या बाकांवर बसले, आम्ही दोघी मागं. रूथ तोंड फुगवूनच आली होती. तिचा प्रश्न सुटला नव्हता आणि समोरच्यानं अजून पहिलं बोलायचं बाकी होतं. पाळक हिंदीत एकेक वचन घेत होते, येशू क्रुसावरून जी सात वाक्यं बोलला ती. मी ती लहानपणापासून पाठ केलेली. पण त्या दिवशी डोक्यात दुसराच किडा वळवळत होता, त्यामुळं मला एक गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली. पहिल्या वाक्यात तो बापा अशी हाक मारतो, म्हणजे तीच, अब्बा. आणि मध्येच, सगळ्यात वाईट वेळेला, मला का टाकलंस म्हणून विचारतो, तेव्हा बापा म्हणत नाही. नुसतं देवा म्हणतो. माझ्या देवा, माझ्या देवा. परक्यासारखं. मी बाकाची कड घट्ट धरली. म्हणजे त्याचीही झाली होती. बागेत ज्यानं आधी बोटं पुढं केली, त्याचीसुद्धा भर दुपारी, सगळ्या जगासमोर, कट्टी झाली होती.

तेवढ्यात आंधी आली. इथं एप्रिलात येते तशी, काही न सांगता. दिवसाढवळ्या पिवळा अंधार झाला, दारं आपटायला लागली, वेदीवरचं कापड उडालं. माणसं खिडक्या लावायला धावली, बायांनी पदर तोंडावर घेतले, आणि पाळक एका हातानं कागद दाबून तसेच बोलत राहिले. शब्द येत होते, जात होते. शेवटचं वाक्य तेवढं मला नीट ऐकू आलं, कारण मी त्याचीच वाट बघत होते. त्यात तो पुन्हा बापा म्हणतो. तेव्हाही त्याचं कोणी काही ऐकलेलं नव्हतं. खिळे होते तिथंच होते.

माझा हात बाकावर होता, आम्हा दोघींच्या मध्ये. मी ठरवलं नव्हतं. पहिली दोन बोटं जुळली आणि जराशी पुढं सरकली. कोणाकडे, ते मला सांगता आलं नसतं. "अब्बा," मी म्हटलं. बस, एवढंच. माफ केलं असं नाही म्हटलं, माफ कर असंही नाही. माझं बाळ का नेलंस, हे विचारायचं अजून राहिलंच होतं, पण ते विचारायला आधी बोलणं तरी सुरू व्हायला हवं होतं. डोळ्यांत धूळ गेली होती, त्यामुळं पाणी येत होतं ते कोणाच्या लक्षात आलं नसावं. बोटं तशीच ठेवून मी बसले. वारा दारांवर धडका मारत होता. समोरून कोणाची बोटं यायची नाहीत हे मला माहीत होतं. मी काही खुळी नाही. तरी मागं घेववेनात.

मग माझ्या बोटांना काहीतरी टेकलं. लहानशी दोन बोटं, गरम, नखांत होळीचा जांभळा रंग अजून अडकलेला. रूथ माझ्याकडे बघत नव्हती. समोर क्रुसाकडे बघत होती, तोंड तसंच फुगवून.

"मी अजून कट्टीच आहे हां," ती हळूच म्हणाली. "पण तुझी बोटं कधीची एकटीच आहेत."